नेपरव्हिलच्या भिंतीवर नागपूरची वेळ

मी एक भिंतीवरचं घड्याळ बोलतोय. पांढरी तबकडी, तपकिरी कड, पाठीत एक सेल. दिसायला काही विशेष नाही. पण मला तुम्हाला एक विचारायचंय. किती वाजले ते सांगणं एवढंच माझं काम. मग ज्या घरात इतकी वर्षं मी हे काम इमानेइतबारे करतोय, तिथली माणसं माझ्याकडे बघून अजूनही बुचकळ्यात का पडतात? आणि त्यांच्याकडे बघून मी का पडतो?

मी राहतो अमेरिकेत, शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिल नावाच्या गावात, अहिल्या आणि निमिष यांच्या स्वयंपाकघरात. वेळ मात्र दाखवतो नागपूरची. खिडकीबाहेर लख्ख सकाळ असते आणि माझ्यात संध्याकाळ झालेली असते. मी बरोबर की खिडकी बरोबर, हे मला अजून कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पहिली आठवण आहे ती नागपूरच्या बर्डी बाजारातल्या एका दुकानाची. तिथे आम्ही दोघं शेजारी शेजारी टांगलेलो होतो, मी आणि माझा जुळा भाऊ. एक दिवस अहिल्याचे बाबा आले. शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे सगळं गाव त्यांना शैलेंद्रसर म्हणायचं. एकुलती एक मुलगी लग्न करून अमेरिकेला निघाली होती. त्यांनी बराच वेळ आमच्याकडे डोळे बारीक करून बघितलं आणि दुकानदाराला म्हणाले, "हे दोन्ही द्या. सारखेच हवेत."

घरी जाऊन त्यांनी अहिल्याला समजावलं, "एक तुझ्या भिंतीवर, एक माझ्या. तुझ्यावर माझी वेळ, माझ्यावर तुझी. म्हणजे कोण जागं, कोण झोपलेलं, ते विचारायला नको."

असे आम्ही भाऊ वेगळे झालो. तो नागपुरात राहून नेपरव्हिलची वेळ सांगायला लागला आणि मी नेपरव्हिलला येऊन नागपूरची. अहिल्याच्या आईने माझा सेल काढला, मला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि मेतकूट आणि सांडग्यांच्या मधे ठेवून बॅग बंद केली. पुढचा प्रवास मी झोपेत केला. जाग आली तेव्हा माझ्या अंगाला मेतकुटाचा वास येत होता आणि माझ्यात भरदुपार असून खिडकीबाहेर मिट्ट काळोख होता. तिथून जो माझा गोंधळ सुरू झाला, तो आजपर्यंत संपलेला नाही.

या घरात स्टोव्हवर आणखी एक घड्याळ आहे. हिरव्या आकड्यांचं, स्वतःवर फार खूश. ते इथली वेळ सांगतं. आमच्यात साडेदहा तासांचं अंतर आहे, असं मला सुरुवातीला सांगण्यात आलं. मला काही अडचण नव्हती. मग एका रविवारी सकाळी निमिष स्टूल घेऊन आला आणि गाणं गुणगुणत घरातलं एकेक घड्याळ मागे करत सुटला. स्टोव्हचं केलं, बेडरूममधलं केलं आणि त्याच झोकात मलाही भिंतीवरून काढून माझे काटे एक तास मागे फिरवले.

"अरे, ते इंडियाचं आहे!" अहिल्या ओरडली.

"मग? टाइम चेंज झाला ना आज."

"इथे झाला. नागपूरला कोणी काही चेंज केलं नाही!"

निमिषने माझ्याकडे बघितलं, स्टोव्हकडे बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि मला पुन्हा पुढे केलं. अहिल्याने आपल्या कपाळावरची लाल टिकली काढली आणि माझ्या काचेवर, बाराच्या जरा वर, चिकटवली. म्हणजे याला हात लावायचा नाही. त्या दिवसापासून मी टिकली लावून बसलोय. पाहुण्यांना वाटतं, माझी पूजा होते.

पण खरं आश्चर्य पुढेच होतं. त्या सकाळपासून आमच्यातलं अंतर साडेअकरा तासांचं झालं! मी जागचा हललो नाही, नागपूर हललं नाही, मग हा एक तास गेला कुठे? मार्चमध्ये तो परत आला. नोव्हेंबरमध्ये पुन्हा गेला. दरवर्षी हेच. इथे म्हणतात की उन्हाळ्यात संध्याकाळी उजेड जास्त वेळ मिळावा म्हणून घड्याळं पुढे करायची आणि हिवाळ्यात मागे घ्यायची. आता सूर्य तर त्याच्या मनाने येतो आणि जातो. आमचे काटे फिरवले म्हणून त्याला काय फरक पडतो? बाबांनी फोनवर एकदा हेच विचारलं होतं, "तुमच्याकडे सूर्यसुद्धा सरकारला विचारून उगवतो का गं?" अहिल्या नुसती हसली होती.

मधल्या काळात या घरात इशिता जन्मली, माझ्याच खाली बसून पोळीचे तुकडे फेकून मोठी झाली आणि आता हायस्कुलात जाते. आईवडील मराठीत बोलतात, ही इंग्रजीत उत्तर देते. ती शाळेच्या डिबेट टीममध्ये आहे. गेल्या ऑक्टोबरात त्यांना विषय मिळाला, नेमका हाच: ही घड्याळं मागेपुढे करणं बंद करावं का? मी कान टवकारले. म्हटलं, आता तरी उलगडा होईल.

पहिल्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहून तावातावाने बोलली. लोकांची झोप बिघडते, अंगाला सवय व्हायला आठवडा लागतो, म्हाताऱ्यांचे आणि लहान मुलांचे हाल होतात, ॲरिझोनात हा प्रकार नाही तरी तिथलं काही अडलेलं नाही. मला शंभर टक्के पटलं. बंद करा ताबडतोब!

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी त्याच जागी उभी राहून उलटं बोलायला लागली. कायमची उन्हाळी वेळ ठेवली तर हिवाळ्यात इथे आठ वाजून गेले तरी उजाडणार नाही, मुलं अंधारात बससाठी उभी राहतील. सत्तरच्या दशकात तसं करून बघितलं होतं आणि लोक वैतागले होते. कायमची हिवाळी वेळ ठेवली तर जूनमध्ये पहाटे चारलाच पडद्यातून उजेड. त्यापेक्षा वर्षातून दोनदा काटे फिरवलेले काय वाईट? तेही मला शंभर टक्के पटलं.

"अगं, पण तुझं नक्की म्हणणं काय आहे?" निमिषने विचारलं.

"दोन्ही prepare करावं लागतं, डॅड. Coin toss वर side ठरते. My opinion doesn't matter."

निमिष म्हणाला, त्याला तर उन्हाळी वेळच बारा महिने हवी, ऑफिसातून ट्रेनने येईपर्यंत घराचं अंगण तरी दिसतं. अहिल्या म्हणाली, तिला काहीही चालेल, पण एकच काय ते ठरवा. तिचं असं म्हणणं का होतं, ते सांगतो. या घरातली खरी काळजी वेगळीच होती.

त्याआधीच्या हिवाळ्यात अहिल्याची आई गेली. तोवर फोन कधीही लागायचा, कारण आई दिवसभर घरातच असायची आणि दुसऱ्या रिंगला उचलायची. आता बाबा एकटे राहिले. वय झालेलं, हृदयात एक स्टेंट, मोबाइल कुठेतरी ठेवून विसरायची सवय. म्हणून एप्रिलमध्ये बापलेकीने ठरवलं: रोज एकच वेळ. इथे सकाळी सात, म्हणजे माझ्यात संध्याकाळचे साडेपाच. बाबा चहाचा कप घेऊन व्हरांड्यात न बसता माझ्या भावाखाली बसत, फोन समोर ठेवून. अहिल्या माझ्याखाली कॉफी घेऊन बसे. दोन कप, दोन भाऊ, मधे एक फोन. उन्हाळाभर एकही दिवस चुकला नाही. नोव्हेंबरात इथले काटे मागे गेले की या वेळेचं काय करायचं, ते मात्र दोघांत ठरलं नव्हतं.

पण अहिल्याच्या मनात धाकधूक होतीच. "बाबांनी आता एकटं राहणं बरोबर नाही," ती निमिषला म्हणायची. "इकडे आणावं, नाहीतर पुण्यात एखादी सिनियर लिव्हिंगची जागा बघावी."

"विचारलंस त्यांना?"

"विचारलं. म्हणतात, माझ्या घरात मला काय धाड भरलीय."

शेवटी तिने एक अट घातली होती. सगळं ठीक चाललंय तोवर ठीक. ज्या दिवशी बाबा काही विसरले, फोन चुकला, त्या दिवशी घर बंद करायचं. बाबांनी अट मान्य केली होती. चित्रांनी भरलेल्या त्या घरासाठी ते रोज साडेपाचला हजर राहत होते, हे मला नंतर कळलं.

आणि मग नोव्हेंबरचा पहिला रविवार उजाडला. खरं तर उजाडलाच नव्हता, तेव्हाच अहिल्या खाली आली. आदल्या दिवशीच निमिषने स्टोव्हचं घड्याळ मागे केलेलं. हिरव्या आकड्यांत सहा वाजले होते. टिकलीखाली माझ्यात साडेपाच. एक तास लवकर उठून तिने डोळे चोळत फोन लावला, कारण बाबांची चहाची वेळ मोडू नये, त्यांना आपल्यासाठी तासभर ताटकळत ठेवू नये, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

रिंग गेली. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा लावला. माझे काटे आपले पुढे सरकत होते आणि ती माझ्याकडे असं बघत होती, जणू थांबणं माझ्या हातात आहे.

तिने नागपूरला बाबांच्या शेजारी राहणाऱ्या सरलाकाकूंना व्हिडिओ कॉल लावला. "काकू, बाबा फोन उचलत नाहीयेत हो. जरा बघता का, प्लीज?"

सरलाकाकू फोन हातात धरूनच धावल्या. आम्हाला छोट्या पडद्यावर जिना, चपला, मग बाबांचं दार दिसलं. दाराला लॅच. आत दिवा जळत होता. काकूंनी दार बडवलं. "सर! ओ सर!" आतून फक्त मोबाइलची रिंग ऐकू येत होती, कारण अहिल्याच्या सांगण्यावरून निमिष दुसऱ्या फोनवरून एकसारखा लावत होता.

"आत पडले असतील काकू! दार तोडा!"

इकडे आमच्या जिन्यावर इशिता येऊन उभी राहिली. तिकडे कोणीतरी पहार आणली. पडद्यावर पाठी, हात, गलका. लॅच कडाड करून तुटलं, आणि त्याच क्षणी मागून आवाज आला, "काय करून राहिले रे तुम्ही माझ्या दाराचं?"

पडदा गर्रकन फिरला. बाबा उभे होते. पायात बूट, डोक्याला टोपी, हातात संत्र्यांची पिशवी.

अहिल्याचा जीव भांड्यात पडला आणि लगेच राग उसळला. पाचएक मिनिटांत बाबा आत जाऊन स्वतःच्या फोनवर आले. तोवर तिने काय बोलायचं ते ठरवलं होतं.

"बाबा, फोनची वेळ विसरलात ना तुम्ही? फिरायला निघून गेलात. फोनसुद्धा घरी टाकून. आपलं काय ठरलं होतं?"

बाबा गोंधळले. "अगं, पण तुझे सात वाजायला अजून वीस मिनिटं आहेत," ते म्हणाले. "तू इतक्या लवकर कशी उठलीस? बरं नाही का वाटत?"

बाबांनी फोन वर केला. पडद्यावर माझा भाऊ दिसला. इतक्या वर्षांनी मी त्याला नीट बघत होतो. कड जरा फिकी झाली होती. त्याच्यात सहा चाळीस वाजले होते. मी स्टोव्हकडे बघितलं. हिरव्या आकड्यांतही सहा चाळीस.

"नोव्हेंबरचा पहिला रविवार. सकाळीच स्टुलावर चढून याला मागे केलं," बाबा सांगत होते. "म्हटलं, तुझे सात म्हणजे आता माझे साडेसहा. पोरीला थंडीत तासभर लवकर कशाला उठवायचं? मी चहा पुढे ढकलला. फिरून येऊ तेवढ्यात. तुझ्यासाठी संत्री पण आणली, म्हणजे दाखवायला."

अहिल्या रडायलाच लागली. "अहो, मी तुमचा चहा चुकू नये म्हणून उठले!"

"आणि मी तुझी झोप मोडू नये म्हणून!"

दोघं एकमेकांसाठी ॲडजस्ट करत होती आणि त्यातच बिचारं एक दार मोडलं. मला तर काही कळेनासंच झालं. दोघांचंही बरोबर होतं, आम्हा तिन्ही घड्याळांचंही बरोबर होतं, मग चुकलं कोण?

उत्तर इशिताने दिलं. जिन्यावरून खाली येऊन ती आईच्या खांद्यावरून पडद्यात वाकली. "मम्मा, आजोबा didn't forget anything. He remembered better than all of us. तू त्यांना घर सोडायला नाही सांगू शकत. That's not fair."

अहिल्याने डोळे पुसले. तिने पडद्यातल्या माझ्या भावाकडे बघितलं. मग म्हणाली, "बाबा, लॅच नवीन बसवून घ्या. चांगलं मजबूत." घर बंद करण्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही, नंतरही नाही. फक्त एक नवा नियम झाला. बारा महिने माझीच वेळ धरायची. माझ्यात संध्याकाळचे साडेपाच वाजले की फोन. इथे तेव्हा काहीही वाजलेले असोत. कोणी कोणासाठी ॲडजस्ट करायचं नाही.

पुढे इशिताची डिबेट झाली. नाणेफेकीत तिच्या वाट्याला आलं, ही पद्धत चालू ठेवावी. ती तावातावाने बोलली आणि जिंकली. ट्रॉफी घेऊन घरी आली आणि फ्रिज उघडता उघडता म्हणाली, "I still think it's stupid." आता बोला!

हिवाळाभर अहिल्या अंधारात उठली. बर्फ पडलेला असे, खिडकीत काही दिसत नसे, आणि ती शाल गुंडाळून माझ्याखाली बसे. कायदा होणार, हे सगळं बंद होणार, अशा बातम्या अधूनमधून टीव्हीवर येत. निमिष आवाज वाढवी, ऐके आणि पुन्हा कमी करी. ही मोठी माणसं काय ठरवतील, ते मला सांगता येणार नाही. मला दोन्ही बाजू पटतात आणि एकही समजत नाही.

आज मार्चमधला तो रविवार. निमिष स्टूल घेऊन फिरला, स्टोव्हचं घड्याळ पुढे केलं आणि माझ्यासमोर येऊन टिकलीकडे बघून निमूट परत गेला. साडेपाचला अहिल्याने फोन लावला. इथे सात वाजले होते.

बाबा पहिल्याच रिंगला आले. त्यांच्या मागे माझा भाऊ होता. पण काहीतरी वेगळं होतं, आणि मला ते कळायला जरा वेळ लागला. एक तर तो भिंतीवर बराच खाली आला होता, बाबांच्या खांद्यापाशी. आणि दुसरं म्हणजे, त्याच्यात साडेपाच वाजले होते. माझ्यासारखेच. बर्डीवरचं दुकान सोडल्यापासून आम्ही दोघांनी एकच वेळ कधी दाखवली नव्हती.

"बाबा, घड्याळ खाली का घेतलंत?" अहिल्याने विचारलं.

"स्टुलावर चढायचं बंद केलं मी. परवा पाय जरा लटपटला. पडलो नाही, घाबरू नको. सरलाच्या पोराने खाली टांगून दिलं, माझा हात पोचेल असं." बाबा हसले. "म्हटलं, आता याला सारखं मागेपुढे कोण करणार? आपल्याच वेळेला लावून टाक."

अहिल्याने वर माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "पण बाबा, मग आमच्याकडे किती वाजले, ते तुम्हाला कसं कळणार?"

माझी तुम्हा सगळ्यांना एवढीच विनंती आहे. काटे पुढे करा, मागे करा, नाहीतर कायदा करून सगळंच थांबवा, ते तुमचं तुम्ही बघा. माझं डोकं त्यात चालत नाही. फक्त भिंतीवरच्या एका घड्याळाला टिकली लावून ठेवा आणि त्याला हात लावू नका. माझा सेल असेपर्यंत मी इथे आहे. कारण बाबांनी तिला जे उत्तर दिलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि एवढ्या वर्षांत मला नीट समजलेली वेळ ही एकच.

"त्याला घड्याळ कशाला पाहिजे?" बाबा म्हणाले. "तुझा फोन आला, की समजायचं, तिकडे उजाडलं."